डॉक्टरांनी बोन स्कॅन लिहून दिलाय? जायच्या आधी हे वाचा

कॅन्सरच्या पेशंटच्या फाइलमध्ये बोन स्कॅन किंवा पेट-सीटीची चिठ्ठी आली की घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणजे हाडात गेलाच का, आता काही उरलं नाही का, इथपर्यंत बोलणं जातं आणि अजून सुईसुद्धा टोचलेली नसते. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करतात त्या विभागात, टेक्नॉलॉजिस्ट आहे, वेटिंग रूममध्ये रोज हेच प्रश्न ऐकतो, आणि खरं सांगायचं तर नीट उत्तर द्यायला तिथे कुणालाच वेळ नसतो, डॉक्टर ओपीडीत अडकलेले आणि आम्ही मशीनवर. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ट्रीटमेंटबद्दल काही सांगणार नाही. कुठला स्कॅन काय दाखवतो, जाताना तयारी काय करायची आणि रिपोर्ट हातात आल्यावर कुठल्या शब्दाला घाबरायचं नाही, एवढंच.

सगळ्यात आधी: हे असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका

कॅन्सर असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखायला लागली, आडवं झाल्यावर जास्त दुखतंय, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, आणि त्यात पायातली ताकद गेल्यासारखी वाटते, चालताना पाय लटपटतात, बसायच्या जागी बधिर वाटतं, लघवी अडते किंवा नकळत होते, तर मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. ही इमर्जन्सी आहे. पुढच्या आठवड्यातला बोन स्कॅन वगैरे विसरा, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि पेशंटला कॅन्सर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. अशा वेळी लागतो तो अख्ख्या मणक्याचा एमआरआय, आणि ब्रिटनच्या गाइडलाइनमध्ये अशी लक्षणं असतील तर तो २४ तासांच्या आत करा असं स्पष्ट म्हटलंय. घाई अशासाठी की उपचार सुरू होताना जो माणूस स्वतःच्या पायावर चालत असतो तो नंतरही चालत राहण्याची शक्यता बरीच जास्त असते, पाय पूर्ण गेल्यावर परत येणं अवघड. "उद्या बघू, सायटिका असेल" म्हणत घरी बाम चोळत बसलेली माणसं बघितली आहेत, म्हणून हे सगळ्यात वर टाकलं.

तसं काही नसेल तर आता निवांत पुढे वाचा.

स्कॅन कुणाला लागतो, कुणाला नाही

हाडात पसरण्याची सवय मुख्यतः ब्रेस्ट, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड या कॅन्सरना असते. जातो तो बहुतेक मणका, कंबरेचं हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग आणि कवटी इथे, कारण मोठ्या माणसात रक्त बनवणारी लाल मज्जा याच हाडांमध्ये असते आणि तिथला रक्तपुरवठा भरपूर असतो. हाताच्या बोटापर्यंत वगैरे क्वचितच. आणि एक गोष्ट, ब्रेस्टचा कॅन्सर हाडात गेला तरी तो ब्रेस्टचाच कॅन्सर असतो, औषधंही त्याचीच चालतात, "आता हाडाचा वेगळा कॅन्सर झाला" असं नातेवाईकांना सांगत फिरू नका.

प्रत्येकाला हा स्कॅन लागतोच असं नाही. ब्रेस्ट कॅन्सर अगदी सुरुवातीच्या स्टेजला आहे आणि हाडाची कुठलीच तक्रार नाही तर बोन स्कॅन किंवा पेट करू नका, असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. लो-रिस्क प्रोस्टेटचंही तेच. कारण तिथे काही सापडण्याची शक्यता कमी आणि खोटा अलार्म वाजून पुढच्या चार टेस्ट मागे लागण्याची शक्यता जास्त. त्यामुळे "करून टाकू ना, मनाची शांती" हे दरवेळी खरं नसतं. उलट एकाच जागी सतत दुखतंय, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाच्या आजारात वाढणारं एन्झाइम) किंवा कॅल्शियम वाढलंय, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) चढतोय, स्टेज पुढची आहे, तर मग टाळू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, या स्कॅनने ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार? चांगला डॉक्टर चिडत नाही.

कुठली टेस्ट नक्की काय बघते

एक्स-रे. स्वस्त, कुठेही होतो, आणि दुखऱ्या जागी हाड मोडलंय का ते बघायला उत्तम. पण पसरलेला कॅन्सर लवकर पकडायला कच्चा, कारण हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज कमी झाल्याशिवाय फिल्मवर काही दिसतच नाही. म्हणजे एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून विषय संपला असं नसतं.

बोन स्कॅन. यात शिरेतून टेक्नेशियम ९९एम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य एमडीपी नावाच्या फॉस्फेटसारख्या पदार्थाला जोडून देतात. हाड जिथे नव्याने भरतंय तिथे ते जास्त जाऊन बसतं आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा गडद दिसते. इथेच सगळा घोळ आहे, नीट वाचा: बोन स्कॅन कॅन्सर बघत नाही, हाडाची चाललेली दुरुस्ती बघतो. रस्त्यावर बॅरिकेड लावून माणसं काम करताना दिसली तर तिथे काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, खड्डा पावसाने पडला, केबलवाल्याने खणला की पाइप फुटला ते लांबून कळत नाही, तसंच. संधिवात, जुनं फ्रॅक्चर, इन्फेक्शन, दाताचं काम, सगळं काळं दिसतं. आणि उलटही होतं, जो कॅन्सर नुसतं हाड खातो आणि दुरुस्ती होऊच देत नाही तो बोन स्कॅनमध्ये निसटू शकतो. मल्टिपल मायलोमा हा मज्जेतला कॅन्सर त्याचं ठरलेलं उदाहरण, त्यासाठी बोन स्कॅन वापरतच नाहीत, आणि किडनी-थायरॉइडमध्येही कधीकधी असं होतं. जमेची बाजू अशी की डोक्यापासून पायापर्यंत सगळा सांगाडा एका बैठकीत दिसतो आणि पेटच्या मानाने खर्च बराच कमी येतो.

त्याच मशीनवर संशयाच्या जागेचा थ्रीडी फोटो आणि सोबत सीटी घेता येतो, त्याला स्पेक्ट-सीटी म्हणतात. मणक्यातला एक ठिपका मागच्या सांध्यात आहे की हाडाच्या मुख्य भागात, हे यातून कळतं आणि बरेच संशय तिथल्या तिथे मिटतात. सेंटर ठरवताना "स्पेक्ट-सीटी आहे का" हे फोनवर जरूर विचारा, नाहीतर त्याच कामासाठी परत दुसरीकडे जावं लागतं.

सीटी. हाडाची रचना, भोक किती, बाहेरचं कवच किती खाल्लंय, मोडण्याचा धोका किती, हे याच्यात छान दिसतं. मांडीचं हाड मोडायच्या आधीच रॉड घालायचा का हे ऑर्थोपेडिकवाले जागा, दुखणं, गाठीचा प्रकार आणि आकार बघून ठरवतात, त्यासाठी मिरेल्स स्कोअर म्हणून १९८९ पासूनची एक पद्धत आहे, १२ पैकी मार्क देतात आणि ९ किंवा त्याहून जास्त आले की साधारणपणे आधीच ऑपरेशन करा म्हणतात.

एमआरआय. मज्जेतला बदल हाड खराब व्हायच्या आधीच दाखवतो, किरणं नाहीत, मणक्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. आपल्याकडे याचं आणखी एक काम आहे, मणक्याचा टीबी. भारतात टीबी इतका आहे की पाठ दुखतेय आणि मणका खराब दिसतोय म्हटल्यावर दोन्ही शक्यता बघाव्या लागतात. ढोबळ मानाने टीबी दोन मणक्यांच्या मधली चकती खातो आणि शेजारी पू साठतो, कॅन्सर चकती सोडून हाडातच बसतो आणि मागच्या कमानीकडे सरकतो. पण ढोबळ मानानेच हं, खात्री बायोप्सीने.

पेट-सीटी. नेहमीच्या पेटमध्ये एफडीजी म्हणजे किरणोत्सारी साखर देतात, गाठीतल्या पेशी ती जास्त खातात म्हणून उजळतात. म्हणजे इथे हाडाची दुरुस्ती नाही, पेशींची भूक दिसते, आणि हाडासोबत लिव्हर, फुप्फुस, लिम्फ नोडही एकाच वेळी बघून होतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेट झाला असेल तर वेगळा बोन स्कॅन सहसा लागत नाही. भारतातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये परळला, टाटाच्या अॅनेक्समधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं, आता पुणे, नाशिक, नागपूरलाही होतो, प्रत्येकाने मुंबई गाठायची गरज नाही.

पीएसएमए पेट. हा फक्त प्रोस्टेटवाल्यांसाठी, यात साखरेऐवजी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रोटीनला चिकटणारं किरणोत्सारी औषध देतात. ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर केलेल्या आणि २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पसरलेला आजार ओळखण्यात याची अचूकता ९२ टक्के निघाली, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. फरक मोठा आहे. पण हाही देव नाही, बरगडीत उगाच एखादा फिका ठिपका दाखवायची याला खोड आहे, त्यामुळे पीएसएमएत एकुलती एक बरगडी उजळली म्हणून लगेच रडारड नको.

अपॉइंटमेंटच्या आधी काय गोळा करायचं

जुने स्कॅन. परत सांगतो, जुने स्कॅन, नुसता रिपोर्टचा कागद नाही, सीडी किंवा पेनड्राइव्ह. मागच्या फोटोशी तुलना करता आली की अर्धे संशय आपोआप जातात, तोच ठिपका तीन वर्षांपूर्वीही तसाच असेल तर तो बहुतेक निरुपद्रवीच. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख, शेवटची केमो किंवा रेडिएशन कधी झालं, आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट, कारण पेट-सीटीमध्ये कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो नीट दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, द्यायचं असेल तर तो मागतात.

आणि पडण्या-धडपडण्याचा इतिहास! हा लोक हमखास विसरतात. बाथरूममध्ये घसरलात, स्कूटरवरून पडलात, खोकून खोकून बरगडी दुखत होती, गुडघा बदललाय, दाढ काढलीय, सगळं सांगा. बरगड्यांवर एकाखाली एक ओळीने ठिपके दिसले तर ते बहुतेक पडल्याचे असतात, कॅन्सर असा ओळ लावून बसत नाही, पण तुम्ही पडल्याचं सांगितलंत तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला ठामपणे लिहिता येतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, त्याने पेटमध्ये अख्खी मज्जा उजळते आणि सगळीकडे पसरल्यासारखं वाटतं. बाई गरोदर असेल, असण्याची शंका असेल किंवा अंगावर दूध पाजत असेल तर हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं, टेबलवर झोपल्यावर नाही.

पैशाचं म्हणाल तर हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलवर आधी चौकशी करा, बाहेर पैसे भरून पावती नंतर दाखवली तर सहसा कुणी ऐकून घेत नाही.

त्या दिवशी काय होतं

बोन स्कॅनला उपाशी यायची अजिबात गरज नाही. नाश्ता करा, बीपी-शुगरच्या गोळ्या घ्या. तरी रोज कुणीतरी सत्तरीतले काका गावाहून पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी येतात आणि चक्कर येऊन बसतात. उपास असतो तो एफडीजी पेटला, साधारण सहा तास, फक्त साधं पाणी, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, च्युइंगम-गोळी-तंबाखू काही नाही. पीएसएमएला बहुतेक ठिकाणी उपास लागत नाही, सेंटरला विचारून घ्या.

बोन स्कॅनचं वेळापत्रक असं: सुई, मग साधारण तीन तास थांबणं, मग २० ते ४० मिनिटं फोटो. सुई कुठल्या हातात द्यायची ते महत्त्वाचं, ब्रेस्टचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात नाही, दुखणं ज्या बाजूला आहे त्या हातात शक्यतो नाही, कारण औषध शिरेबाहेर थोडं जरी गेलं तरी तिथे काळा डाग येतो. सुई देताना चरचरलं, फुगलं तर लगेच बोला, लाजू नका. त्या तीन तासांत पाच-सहा ग्लास पाणी प्या आणि लघवीला जात राहा, जे औषध हाडात बसलं नाही ते किडनीतून बाहेर पडतं, ते जितकं बाहेर जाईल तितका फोटो स्वच्छ. घरी जाऊन आलात, जेवून आलात तरी चालतं, फक्त वेळेत या.

टेबलवर चढायच्या आधी परत एकदा लघवीला जायचं, कारण भरलेलं ब्लॅडर मागची कंबरेची हाडं झाकतं. आणि इथे एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही: कपड्यावर लघवीचा एक थेंब पडला तरी स्कॅनमध्ये जांघेपाशी असा चकाकता डाग येतो की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. असा डाग दिसला की आम्ही पेशंटला पुसून यायला, कपडे बदलायला सांगतो आणि तेवढाच फोटो परत घेतो, डाग गायब. त्यामुळे तुम्हाला "जरा परत झोपा" म्हटलं तर ते काही भयंकर सापडलं म्हणूनच असेल असं नाही. पुरुषांनीही बसूनच जावं, हात धुवावेत, सोबत एक जास्तीचा पायजमा किंवा परकर ठेवावा. कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी करून घ्या.

खिशातली नाणी, किल्ल्या, बेल्ट, मंगळसूत्र, ब्रामधलं पॅड काढून ठेवायचं. "मशीनमध्ये बंद करतात का हो?" हा नेहमीचा प्रश्न, तर नाही, बोन स्कॅनचा कॅमेरा चपटा असतो, चेहऱ्याच्या जवळ येतो पण बोगदा नसतो आणि आवाजही नसतो. बंद वाटतं आणि धडाधड वाजतं ते एमआरआयचं. खरा त्रास कडक टेबलचा होतो, ज्याच्या मणक्यातच दुखणं आहे त्याला अर्धा तास उताणं पडणं म्हणजे शिक्षाच, म्हणून दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून त्या हिशोबाने आधी घेऊन या, हललात तर फोटो धूसर होतो आणि परत पहिल्यापासून.

पेटला शिस्त जास्त. आदल्या दिवसापासून व्यायाम, लांब चालणं, जड उचलणं बंद. शुगर बहुतेक सेंटर २०० च्या आत मागतात, जास्त असेल तर परत पाठवतात, म्हणून डायबेटिसवाल्यांनी इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं ते बुकिंगच्या वेळीच विचारायचं, स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. सुईनंतर सुमारे एक तास शांत पडून राहायचं, फोनवर बोलायचं नाही, कारण जे स्नायू वापराल ते साखर खातात आणि उजळतात. शाल आणा, एसीत कुडकुडलात तर मानेजवळची चरबी उजळून बसते. आणि उशीर करू नका हो. एफडीजी ११० मिनिटांत अर्धं होतं, पीएसएमएतलं गॅलियम ६८ मिनिटांत, तुमच्या नावाने काढलेला डोस तुमची वाट बघत बसत नाही. याउलट कधी सायक्लोट्रॉनवरून (हे औषध जिथे बनतं त्या मशीनवरून) येणारी गाडीच ट्रॅफिकमध्ये अडकते आणि सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं, तेव्हा आमच्यावर ओरडून उपयोग नसतो.

रिपोर्ट आला, आता?

आधी शेवटी "इम्प्रेशन" लिहिलेलं असतं ते वाचा, वरचे दोन परिच्छेद नाही. "इन्क्रीज्ड ट्रेसर अपटेक" म्हणजे तिथे औषध जास्त बसलंय, बस, कॅन्सर असा अर्थ नाही. "डीजनरेटिव्ह" म्हणजे वयाची झीज, पन्नाशीनंतर गुडघे, खांदे, कंबर इथे ते जवळजवळ प्रत्येकाला असतं. "लायटिक" म्हणजे हाड खाल्लेलं, "स्क्लेरोटिक" म्हणजे घट्ट झालेलं. "इनडिटरमिनेट" किंवा "कोरिलेट क्लिनिकली" आलं की लोकांना वाटतं लॅबने हात झटकले, पण तसं नाही, या एका फोटोवरून सांगता येत नाही हे प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं आणि पुढची पायरी तिथला एमआरआय, सीटी किंवा काही आठवड्यांनी परत स्कॅन ही असते. एसयूव्हीचे (पेटमध्ये एखाद्या जागी औषध किती बसलं त्याचे) आकडे दोन वेगवेगळ्या सेंटरचे एकमेकांशी लावत बसू नका, मशीन, वेळ, शुगर सगळ्याने ते बदलतात. फॉलोअपला शक्यतो त्याच सेंटरला जायचं ते यासाठीच.

एक रिपोर्ट मात्र फसवा असतो. स्कॅन इतका एकसारखा गडद आणि स्वच्छ येतो की नवख्याला नॉर्मल वाटावा, पण किडन्या जवळजवळ दिसतच नाहीत. याला सुपरस्कॅन म्हणतात, सगळं औषध हाडांनीच ओढून घेतल्यामुळे किडनीला काही उरलेलं नसतं, म्हणजे आजार सगळीकडे आहे. म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवून "बघा ना ठिपका तर नाही" असं करू नका.

पहिल्यांदाच हाडात काहीतरी दिसतंय आणि तेही एकाच जागी, तर बायोप्सीचा आग्रह धरायला लाजायचं नाही. बरीच वर्षं बरा असलेला माणूस असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण कधी तो टीबी निघतो, कधी साधं ऑस्टिओपोरोसिसचं फ्रॅक्चर, आणि ब्रेस्टचा निघालाच तरी पेशींवरचे रिसेप्टर (हार्मोन वगैरे पकडणाऱ्या जागा) बदललेले असू शकतात आणि त्यावर औषध ठरतं.

ट्रीटमेंट सुरू झाल्यावरचा पहिला स्कॅन सगळ्यात जास्त रडवतो. औषध लागू पडलं की हाड भरायला लागतं, दुरुस्ती जोरात चालते, आणि बोन स्कॅन ही दुरुस्तीच बघतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत डाग आधीपेक्षा गडद दिसतात, एखाद-दुसरा नवीनही दिसतो. याला फ्लेअर म्हणतात. सीटीतही नवा घट्ट डाग म्हणजे कधीकधी भरून आलेली जुनी जखम असते. प्रोस्टेटच्या औषधांच्या ट्रायलमध्ये (चाचण्यांमध्ये) तर नियमच आहे, पहिल्या फॉलोअप स्कॅनला दोन नवीन डाग दिसले तरी त्यावर आजार वाढला म्हणत नाहीत, पुढच्या स्कॅनला आणखी दोन आले तरच. दुखणं कमी झालंय, पीएसए उतरतोय आणि फक्त स्कॅन वाईट दिसतोय, तर औषध बदलायच्या आधी डॉक्टरांना "हा फ्लेअर असू शकतो का" एवढं जरूर विचारा.

घरी गेल्यावर

बोन स्कॅनचं रेडिएशन साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ च्या आसपास मिळतंच, पेट-सीटीचं याहून बरंच जास्त असतं पण तेही कॅन्सरच्या पेशंटला गरज असताना टाळण्यासारखं नाही. टेक्नेशियम दर सहा तासांनी अर्धं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी याच वेळेला सोळावा हिस्सा. तोपर्यंत पाणी भरपूर प्या, फ्लश दोनदा करा, गरोदर बाईच्या अगदी जवळ बसणं आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेणं त्या दिवसापुरतं टाळा. वेगळी ताटं, वेगळी खोली, कपडे जाळणं असलं काही करायचं नसतं. नातवंडं घरात असली तर असू देत, फक्त कुशीत घेऊन झोपू नका.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विमान पकडायचं असेल तर आमच्याकडून एक पत्र मागून घ्या, कुठलं औषध, किती आणि कधी दिलं त्याचं. काही विमानतळांवरचे डिटेक्टर एवढ्याशानेही वाजतात आणि मग तिथे बोन स्कॅन म्हणजे काय ते समजावत बसावं लागतं.